मोनार्क पास : मागे ट्रेलर, पुढे उतार

कोलोरॅडोत यूएस ५० या हायवेवर पाँचा स्प्रिंग्ज सोडलं की साउथ आर्कान्सा नदीच्या कडेने चढ सुरू होतो. गाव साधारण साडेसात हजार फुटांवर, मोनार्क पासचा माथा ११,३१२ फुटांवर, आणि मधलं अंतर अठराएक मैल. आमच्या पिकअपमागे सहा हजार पौंडांचा, म्हणजे पावणेतीन टनांचा ट्रेलर होता. शेजारी बाबा बसले होते. पसरणी घाटात वर्षानुवर्षं एसटी चालवून ते निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांचं लक्ष डोंगरापेक्षा माझ्या गिअरकडेच.

विनाटर्बो इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते. म्हणजे माथ्यावर एक तृतीयांश इंजिन हरवलेलंच असतं. आम्ही उजव्या लेनमध्ये, इंडिकेटर लुकलुकत, ताशी पस्तीस मैलांच्या वेगाने चढलो. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला तसा एसी बंद केला. चढाचं एवढंच. फार झालं तर गाडी थांबते, आणि थांबलेल्या गाडीला निवायला वेळ देता येतो.

माथ्यावर अमेरिकेचा महाजलविभाजक आहे. पूर्वेच्या उतारावरचं पाणी आर्कान्सामार्गे मिसिसिपीला मिळतं, पश्चिमेचं गनिसन नदीतून कोलोरॅडोला. बाबा पाटीपाशी उभे राहून दोन्हीकडे पाहत होते. मग म्हणाले, "पोरी, ज्या गिअरवर चढलीस त्याच गिअरवर उतर. ब्रेकवर नको, इंजिनावर."

माझ्या मते सगळा घाट या वाक्यात आहे. पलीकडच्या सार्जंट्स गावापर्यंतचा सुमारे दहा मैलांचा उतार काही ठिकाणी ६ टक्क्यांच्या पुढे जातो. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर पॅड तापतात, मग ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल मऊ होत खाली जातं. म्हणून टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीचं गिअरबॉक्सचं सेटिंग) चालू करून गिअर माथ्यावरच खाली आणायचा, वेग वाढल्यावर नाही. तरीही वेग चढला तर ब्रेक ठाम दाबून दहा मैलांनी उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा. हलका दाब धरून ठेवणं सर्वांत वाईट. ट्रेलर डोलायला लागला तर पिकअपचा ब्रेक न दाबता ट्रेलर-ब्रेक कंट्रोलरच्या दांडीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे तो मागे खेचून सरळ होतो. डोलणं मुळात टाळायचं असेल तर ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवर यायला हवा. आदल्या रात्री जड सामान पुढे सरकवण्यात आमचा तास गेला, तो सत्कारणी लागला. सार्जंट्सला ट्रेलरच्या चाकांजवळ हात नेला तर नुसती ऊब होती. बाबांनी चारही चाकं स्वतः तपासली आणि मगच चहा मागितला.

पुढे गनिसन गाव, ब्लू मेसाचा निळा जलाशय, मॉन्ट्रोज. तिथल्या कॅम्पग्राउंडवर ट्रेलर सोडला आणि युरेहून रेड माउंटन पासला (११,०१८ फूट) नुसत्या पिकअपने गेलो. दक्षिणेला जाताना दरीकडची लेन आपली, वळणं अरुंद आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. तिथून ट्रेलर नेणारे लोक आहेत, मी नेणार नाही. ट्रेलरसकट या पासपलीकडचं सिल्व्हर्टन गाठायचंच असेल तर दुरँगोकडून या. त्या बाजूलाही कोल बँक आणि मोलस हे दोन पास चढावे लागतात, पण रस्ता पुष्कळ ऐसपैस आहे.