रेडिओच्या आतला पत्रा रंगवला, तोही दोनदा

आजोबांचा मर्फी रेडिओ दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली काढला. कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बदलले, आवाज पण आला, पण खोक्याच्या आत व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओतल्या काचेच्या, दिव्यासारख्या नळ्या) बरोबर डोक्यावर जो पत्रा असतो ना, हीट शील्ड, तो पार गंजलेला, हात लावला की लाल भुकटी खाली चासीवर, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यावर, पडायची. बरेच जण हा पत्रा काढूनच टाकतात, मला ते अजिबात पटत नाही. स्पीकरला आवाज देणारा आउटपुटचा व्हॉल्व्ह यूएल८४ आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह यूवाय८५ एवढे तापतात की बोट टेकवत नाही, पत्रा नसेल तर सगळी धग थेट लाकडाला.

पहिल्यांदा मी घाई केली. पॉलिश पेपरने घासलं, रेड ऑक्साइड मारलं, वर घरात पडलेला साधा सिल्व्हर ऑइलपेंट. दिसायला एकदम झकास. दुसऱ्या दिवशी तासभर रेडिओ चालला आणि आई आतून ओरडली, "काय जळतंय रे?" मागचं झाकण काढलं तर रंगाला फोड आलेले आणि बोटाला चिकटत होता.

मग सगळं खरवडून परत पांढरा पत्रा केला, थिनरने पुसला, आणि नाशिकच्या द्वारकाजवळच्या ऑटो स्पेअर्सच्या दुकानातून बाइकच्या सायलेन्सरचा हीटप्रूफ सिल्व्हर स्प्रे आणला. याच्याखाली साधा प्रायमर मारायचा नाही, तोच आधी उकलतो. एक जण म्हणाला काळा मार, पण काळा पृष्ठभाग उष्णता जास्त बाहेर फेकतो, म्हणजे लाकडाकडेच, सिल्व्हर कमी फेकतो, म्हणून सिल्व्हरच. दहा-दहा मिनिटांनी तीन पातळ हात दिले. वाळला, पण नखाने ओढलं की रेघ उठायची!

डब्यावरचं बारीक अक्षर तेव्हा वाचलं. हा रंग साधारण २०० डिग्रीला तापल्यावरच पक्का होतो, सायलेन्सरवर गाडी चालवता चालवता आपोआप होतो, रेडिओतला पत्रा काही तेवढा तापत नाही, म्हणजे आपण नुसता मारून बसवला तर तो कायम कच्चाच राहणार. घरच्या ओव्हनमध्ये जेवण होतं, तिथे नको. शेवटी अंबड एमआयडीसीत एका पावडर कोटिंगवाल्याकडे गेलो, त्यांची भट्टी १८०-२०० डिग्रीवर चालूच असते, म्हटलं दादा एवढासा पत्रा तुमच्या बॅचबरोबर टाका ना. ते म्हणाले पावडरच मारून देतो की, पण मला मूळचा पातळ सिल्व्हरच हवा होता. तासाभराने तारेला लटकवलेला पत्रा हातात दिला, नख घासून पाहिलं, ओरखडा नाही. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला मी.

बसवताना दोन गोष्टी. पत्रा आणि लाकडात जे वॉशर असतात ते परत लावाच, मधली हवेची फट महत्त्वाची. आणि यूएल८४, यूवाय८५ असे यू सिरीजचे व्हॉल्व्ह असले म्हणजे सेटमध्ये मेनपासून वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, चासीत थेट मेनचा करंट असू शकतो, तेव्हा प्लग काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात घाला, आणि पत्रा चासीला टेकता कामा नये. काही सेटमध्ये पत्र्याऐवजी राखाडी पुठ्ठ्यासारखं काहीतरी असतं, ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याला घासायला वगैरे अजिबात जाऊ नका.

रात्री पुणे केंद्र लावलं, ७९२ किलोहर्ट्झ, दोन तास चालवलं. वर तळहात ठेवला, नुसतं कोमट. वास नाही. आईने कपाटातून क्रोशाचा जुना रुमाल काढून रेडिओवर टाकला, मी फक्त मागच्या जाळीवरून थोडा वर सरकवला.