आमची वाटचाल : स्वस्त विकणं गुन्हा, महाग विकणं धंदा

प्रीमिक्सच्या, म्हणजे पशुखाद्यात घालायच्या व्हिटॅमिनांच्या मिश्रणाच्या, धंद्यात टनाला ग्रॅमचा हिशोब असतो. आमचा पहिला रिबन ब्लेंडर, म्हणजे फितीसारख्या पात्याने माल ढवळणारं यंत्र, अजून चालतो. फीत आणि भांडं यांच्यातली फट वाढली की तळाचा माल न मिसळता बसतो, म्हणून ती फट मी अजूनही स्वतःच मोजतो. नव्या पोरांना पॅनेलच्या आकड्यांचं कौतुक. असो.

नव्वदच्या दशकात व्हिटॅमिन ए आणि ईचे भाव चढतच गेले. कुणालाही विचारा, आकडा तोच. १९९९ मध्ये उलगडा झाला: बड्या उत्पादकांनी बाजार आणि भाव आपसात वाटून घेतले होते. अमेरिकेने एकाच कंपनीकडून ५० कोटी डॉलर दंड घेतला, युरोपीय आयोगाने २००१ मध्ये आठ कंपन्यांना मिळून सुमारे ८५.५ कोटी युरो ठोठावले. आमच्यासारख्या तिसऱ्याच देशातल्या गिऱ्हाइकाच्या हाती काय? अशाच परदेशी गिऱ्हाइकांच्या एम्पाग्रान खटल्यात २००४ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की परदेशातलं स्वतंत्र नुकसान त्यांच्या कायद्यात बसत नाही. त्याच वर्षी जागतिक व्यापार संघटनेने स्पर्धा धोरण, म्हणजे अशा साटेलोट्यांना आवरणारे नियम, दोहा व्यापार वाटाघाटींतून वगळलं. १९९६ च्या सिंगापूर बैठकीत त्यासाठी कार्यगट नेमला होता म्हणे!

पुढे एक नवा परदेशी उत्पादक स्वस्त माल घेऊन आला. जरा श्वास घेतो तोच आमच्या प्रतिस्पर्ध्याने अँटिडम्पिंगचा, म्हणजे परदेशी माल अवाजवी स्वस्तात येतो म्हणून त्यावर जादा शुल्क लावा असा, अर्ज टाकला. तो प्रीमिक्सही विकतो आणि व्हिटॅमिनही स्वतःच बनवतो. देशात दुसरा उत्पादक नाही. पण अर्जदार मक्तेदार असेल तर अर्ज फेटाळा, असं जागतिक व्यापार संघटनेच्या अँटिडम्पिंग करारात कुठेच लिहिलेलं नाही. शुल्क लागलं. आमचे सौदे जुन्या भावाने बांधलेले, बँकेची लिमिट संपलेली. त्या वेळी तात्यांनी, आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाने, आगाऊ पैसे दिले. म्हणाले, "भाव नवा लाव. प्रमाणात हात मारलास तर माझ्या कोंबड्याच सांगतील."

आयात करणाऱ्यांनो, सौद्यात शुल्कवाढीची अट घालाच. चौकशीची सूचना निघाली की वापरकर्ता म्हणून म्हणणं मांडा. करारातलं कलम ६.१२ ती संधी देतं. मुदत गेली की कुणी ऐकत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९० मध्येच एकमेकांच्या मालावरचं अँटिडम्पिंग बंद करून तो विषय स्पर्धा कायद्याकडे सोपवला. आमच्याकडे मात्र पाच वर्षांनी संपायचं शुल्क सनसेट रिव्ह्यूच्या, म्हणजे मुदत संपताना होणाऱ्या फेरतपासणीच्या, अर्जाने लांबतं. प्रतिस्पर्ध्याचा अर्ज पुन्हा आला आहे. आमचं उत्तर तयार आहे, या वेळी तात्यांच्या सहीसकट.