माघातला वारा आणि पाव सेकंद

कोकणात पानगळीचे फोटो काढायचे असतील, तर माघ महिना गाठावा लागतो. शरदात, भाताची कापणी चालू असते तेव्हा, आमच्याकडची झाडे अजून पावसाळ्याच्या हिरवेपणातच असतात. साग आणि ऐन ही झाडे थंडी सरता सरता उघडी पडतात, आणि किनाऱ्यालगतच्या आगरांतला (नारळी-पोफळीच्या बागांतला) देशी बदाम याच दिवसांत आधी शेंदरी आणि मग गडद लाल होतो. आंजर्ल्याला काकांच्या घराच्या मागीलदारी असा एक बदाम आहे आणि गेली काही वर्षे मी दर माघात त्याच्यासमोर ट्रायपॉड लावून उभी राहते. मला त्या झाडाचा फोटो नको असतो, त्याच्यातून जाणारा वारा हवा असतो.

किनाऱ्यावर वाऱ्याची वेळ ठरलेली असते. रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सकाळी मंदावतो, मग जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि दहा-अकराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी दोन ते चार हा त्याचा भर असतो आणि सूर्य मावळतीला टेकेपर्यंत तो ओसरू लागतो. म्हणजे ज्या वेळी उजेड मऊ असतो, त्या वेळी पाने जवळजवळ स्थिर असतात, आणि पाने बेभान हलतात तेव्हा ऊन इतके कडक असते की शटर सावकाश उघडे ठेवले तर फोटो पांढराफटक होतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि अपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ११ एवढे कमी ठेवले, तरी भर उन्हात शटर साधारण १/२५० सेकंदाचे लागते आणि तेवढ्या वेळात वारा दिसतच नाही.

यावर माझा आधार म्हणजे सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची काळसर काच; एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. तो प्रकाश ६४ पटींनी कमी करतो, त्यामुळे १/२५० चा थेट पाव सेकंद होतो. बदामाच्या पानांवर चकाकी फार असते आणि तिच्यामुळे लाल रंग फिका पडतो, म्हणून मी चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टरही लावते. त्यात आणखी एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो, तेवढ्यापुरते अपर्चर एफ ८ च्या आसपास उघडते.

पाव सेकंदच का, यावर मी बराच वेळ घालवला आहे. पहिल्या वर्षी चार सेकंदांचे फोटो काढले, तेव्हा सगळ्या झाडाचे तांबूस धुके झाले. त्यात रंग होता, पण पान नव्हते, आणि पान ओळखू आले नाही तर ते वाऱ्याने हलले हेही कळत नाही. झोके घेणारे पान दोन्ही टोकांना क्षणभर थांबते आणि मध्ये वेगाने सरकते. म्हणून शटर एका झोक्याएवढेच उघडे राहिले, तर दोन टोकांना पानाच्या कडा उमटतात आणि त्यांच्यामध्ये रंगाचा पातळ पंखा पसरतो. मला वाऱ्याचे चित्र त्या पंख्यात दिसते. पिंपळाला मात्र हे माप चालत नाही. त्याचा देठ लांब आणि बारीक असल्यामुळे पान जराशा झुळकेनेही थरथरते, तिथे १/३० सेकंद पुरेसा होतो.

गळून पडणारे पान सर्वांत अवघड. ते एका जागी इतका कमी वेळ असते की मागची उजळ वाळू किंवा आकाश त्याला पुसून टाकते. म्हणून मागे आगराची दाट सावली आणि पानावर ऊन, अशी जागा शोधावी लागते. जांभ्या दगडाचा गडगा (कुंपणाची भिंत) मागे घेऊ नये, लालावर लाल विरून जाते. मात्र चौकटीत बुंधा हवाच, कारण काहीतरी ठाम उभे असल्याशिवाय हललेल्या पानांचा फोटो नुसता हललेला फोटो वाटतो. बुंधा सुस्पष्ट यावा म्हणून मी ट्रायपॉड वाळूत न लावता पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) चिऱ्यांवर लावते, मधला दांडा वर काढत नाही, लेन्सचे थरथर सावरणारे स्टॅबिलायझेशन बंद करते आणि दोन सेकंदांच्या टायमरवर शटर सोडते. खाऱ्या वाऱ्याने फिल्टरवर चिकट थर बसतो, तो दर अर्ध्या तासाने ओलसर फडक्याने टिपावा लागतो. कोरड्या फडक्याने घासला तर काचेवर चरे पडतात.

काकूची घाई मात्र माझ्या उलट असते. भाजावळीसाठी (पेरणीआधी शेताची जमीन भाजण्यासाठी) पातेरा, म्हणजे गळलेला पाला, गोळा करायचा असतो आणि एकदा खारा वारा सुटला की पातेरा हाऱ्यात (टोपलीत) भरेपर्यंत निम्मा उडून जातो. त्यामुळे ती सकाळीच खराटा घेऊन येते आणि मला म्हणते, "अगो, वारा सुटायच्या आत माझं आवरू दे, मग काढ तुझे फोटो." यंदा मी तिला पाव सेकंदाचे दोन फोटो दाखवले. तिने ते उन्हापासून आडोशाला धरून नीट पाहिले आणि बदामाखालचा एक कोपरा न झाडता ठेवला. दुपारी अडीचला तिथला पातेरा उठला, बुंध्याला वळसा घालून गेला, आणि पन्नासेक फोटोंपैकी एकात तो वळसा पुरता उमटला आहे.