दुसऱ्या गेटवरून गेलेला तलाव

गुरुवार, सकाळ

चहाच्या आधी लिहितेय. चहा झाला की यातलं निम्मं जाईल.

खानापूरच्या बसमध्ये बसले होते. कंडक्टर म्हणजे शाळेतले गणिताचे सर. खाकी शर्ट, पण बोटांना खडू. तिकिटाऐवजी त्यांनी तळहातावर कुंद्याचा गोळा ठेवला आणि म्हणाले, "सुट्टे द्या." बस बेळगावात, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला थांबली. (खानापूरची बस तिथं काय करत होती, हे आता सुचतंय.) गेट पडलेलं, दोन्हीकडे स्कूटरींची गर्दी, आणि रुळांवरून गाडीऐवजी किल्ला तलाव गेला. अख्खा. पाण्यासकट, काठावर शेंगा खात बसलेल्या माणसांसकट. कुणाला काही वाटलं नाही. माझ्या मागचा एकजण घड्याळ बघून एवढंच बोलला, "आज लवकर आला की."

गेट उघडलं तर पलीकडे वडगावचं आजोळचं घर, ज्याला सध्या गिऱ्हाईक बघायचं चाललंय. माजघरात माग, मागावर आजोबा. ते जाऊन बरीच वर्षं झाली. माग तर त्यांच्याही आधी भंगारात गेला. साडी विणत होते. काठाला नक्षीच्या जागी बसच्या पाट्या, कन्नडमधल्या, आणि मला दिसत होती ती उलटी बाजू. तरी मी भराभर वाचत होते : जांबोटी, कणकुंबी, लोंढा. आजोबांनी मान वर न करता म्हटलं, "पाय पूस."

बस्स. जाग आली.

लिहिलेलं वाचून बघितलं तर फारच शहाण्यासारखं वाटतंय. आधी बस, नंतर गेट, नंतर घर असा क्रम तिथं नव्हताच. बसमध्ये असतानाही मी माजघरातच होते. कुंद्याचं तर मला खात्रीनं सांगता येत नाही. हातात काहीतरी गोड, चिकट होतं, नाव मी आत्ता दिलं असेल.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली ती अवस्था नोंदवली, ज्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. साधारण दर नव्वद मिनिटांनी ती येते आणि पहाटेकडे लांबत जाते. त्या वेळी मेंदूचा तर्क करणारा पुढचा भाग मंदावलेला असतो, भावनांचा भाग मात्र जोरात. म्हणून तलाव रुळांवरून गेला तरी चालतं, पण पाय पुसले नाहीत याची लाज खरीखुरी वाटते. ती अजून वाटतेय. आठवण पक्की करणारी रसायनंही तेव्हा कमी असतात, त्यामुळे त्याच क्षणी जाग आली नाही तर सगळं पुसलं जातं. पहाटेची स्वप्नं खरी होतात म्हणतात; मला वाटतं, ती लक्षात राहतात एवढंच, आणि लक्षात राहिलेलंच खरं ठरवायला सापडतं.

संत बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश कोल्हापुरात स्वप्नात झाला. खुद्द तुकोबांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्व करायला सांगून गेले. आमच्या घराण्याच्या वाट्याला "पाय पूस."

दुपार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कपडे घरभर.

सकाळी आईनं विचारलं होतं, "झोपेत काय बोलालतीस ग?" सांगितलं. तलावावर ती हसलीसुद्धा नाही, सरांचं तर ऐकलंच नाही. आजोबा आले म्हटल्यावर मात्र हातातली लाटणी खाली ठेवली. काय नेसले होते? बरे दिसत होते? काही मागितलं? मी म्हटलं, काही नाही. "मागितलं असणार. तुला ऐकू आलं नसेल." अमावस्येला दहीभात ठेवायचं तिनं तिथल्या तिथं ठरवलं.

आत्ता ती निपाणीच्या मावशीशी फोनवर बोलतेय. बस नाही, गेट नाही, साडी नाही. आजोबा पांढऱ्या धोतरात उंबऱ्यावर उभे आहेत आणि "पहाटे आले बघ हिच्या स्वप्नात," आई सांगतेय, "आणि स्पष्ट म्हणाले, घर विकू नका."

मी ओल्या कपड्यांच्या आड उभी आहे. मध्ये बोलले नाही. ते घर विकायला मलाही नकोच आहे.