ऑपरेशन नको म्हणायची फी

मी हाडांचा डॉक्टर. आमच्या फिल्डमधे "काही करायची गरज नाही" हे वाक्य म्हणजे सरळसरळ आतबट्ट्याचा व्यवहार. ऑपरेशन केलं की सर्जनची फी, असिस्टंटची फी, भूलतज्ज्ञाची फी, थिएटरचे चार्जेस, प्रत्येकाला बिलात एकेक ओळ असते. आणि ऑपरेशन का नको हे पाऊण तास बसून समजावलं तर बिलात तीच एक कन्सल्टेशनची ओळ, जी मुरगळलेला पाय पाच मिनिटात बघूनही लागतेच. हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं, पेशंटला बहुतेकदा नसतं.

तर त्या दिवशी ओपीडी संपत आली होती, शेवटच्या पेशंट म्हणून एक साठीच्या बाई आल्या, सोबत मुलगा. उजवा गुडघा बरेच महिने दुखतोय, जिना उतरताना जास्त, रात्री कुशीवर वळताना कळ येते. बाईंनी पिशवीतून एमआरआयची फिल्म काढायच्या आतच मुलगा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय, गादी फाटलीय, फक्त एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं म्हणून आलो." ऑफिसातून उचल घेऊन झाली होती, रजा टाकून झाली होती. म्हणजे त्याला माझ्याकडून फक्त "हो, बरोबर आहे" एवढंच ऐकायचं होतं.

फाईल उघडली आणि लेटरहेड बघून माझ्या पोटात गोळाच आला. ज्या सर्जननी ऑपरेशन सांगितलं होतं ते माझे सिनियर, माझ्याकडे येणाऱ्या फ्रॅक्चरच्या केसेसमधल्या बऱ्याच त्यांनीच पाठवलेल्या असतात. बाईंना किंवा मुलाला याची काहीच कल्पना नव्हती. डॉक्टरांच्या हितसंबंधांची चर्चा निघाली की लोक लगेच कट आणि कमिशनवर येतात, ते आहेच आणि वाईटच आहे, पण त्यात निदान कळतं तरी की आपण पाकीट घेतोय. हे दुसरं जे असतं ना, की माझं काम ज्याच्यामुळे चालतं त्याला खोटं कसं पाडायचं, याला पाकीट नसतं त्यामुळे ते स्वतःलाही दिसत नाही.

आधी गुडघा तपासला. लॉक होत नव्हता, म्हणजे अडकून बसत नव्हता, पूर्ण सरळ होत होता, सूज किरकोळ, कुठे पडल्या-धडपडल्याचा इतिहास नाही. मांडीचा स्नायू मात्र पार सुकलेला. एमआरआयमधे आतल्या बाजूची गादी म्हणजे मेनिस्कस फाटल्याचं खरोखरच दिसत होतं, रिपोर्ट खोटा अजिबात नव्हता. पण या वयात ती बऱ्याच जणांची तशी दिसतेच! २००८ मधे अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता, जवळपास हजार मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले, तर ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्याभरात गुडघ्याचा काही त्रासच झाला नव्हता. म्हणजे फाटलेली गादी आहे आणि दुखणं पण आहे, पण एकामुळेच दुसरं आहे असं फिल्म बघून छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे सांगितल्यावर मुलाने विचारलं, "मग फाटलेला तुकडा काढून टाकला तर वाईट काय आहे?" प्रश्न अगदी रास्त होता. मी त्याला फिनलंडच्या प्रयोगाबद्दल सांगितलं, २०१३ चा. अशाच झिजून गादी फाटलेल्या १४६ पेशंटपैकी निम्म्यांचा तुकडा खरोखर काढला आणि निम्म्यांचं नुसतं नाटक केलं, म्हणजे दुर्बीण आत घातली, बघितलं, पण गादीला हात लावला नाही. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं आणि दोघांमधे म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याच्याही आधी २००२ मधे ह्यूस्टनमधे ब्रूस मोझली आणि मंडळींनी झिजलेल्या गुडघ्यांवर हेच करून बघितलं होतं, १८० पेशंट, काहींना फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले, निकाल तोच. २०१७ मधे तर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या पॅनेलने झिजेच्या गुडघ्याला जवळपास कुणालाच आर्थ्रोस्कोपी, म्हणजे हे दुर्बिणीचं ऑपरेशन, करू नका असं स्पष्ट सांगितलं. गुडघा खरोखर लॉक झालेला असेल किंवा तरुण खेळाडूची गादी मार लागून फाटली असेल तर गोष्ट वेगळी, पण या बाईंचं तसं काही नव्हतं.

बाई सगळं शांतपणे ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे ते डॉक्टर खोटं बोलले का?"

नाही हो. आणि हे मी त्यांना अगदी मनापासून सांगितलं. माणूस दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हाच डॉक्टरकडे येतो, त्यानंतर ते आपोआप थोडं उतरतंच, मधे ऑपरेशन झालेलं असेल तर श्रेय ऑपरेशनला जातं. सर्जन स्वतःच्या डोळ्यांनी शेकडो पेशंट बरे झालेले बघतो, त्याला प्रामाणिकपणे वाटतं की हे मी केलं. लबाड डॉक्टर एक वेळ पकडता तरी येतो, ज्याचा स्वतःचाच विश्वास बसलाय आणि शिवाय त्याचे पैसेही मिळतायत त्याला कोण आणि काय म्हणून पकडणार?

इथपर्यंत ठीक होतं. मग मुलगा जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून म्हणाला, "डॉक्टर, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तुम्ही कितीत कराल?"

मला कळायलाच दोन मिनिटं लागली. पाऊण तास मी जे बोलत होतो ते त्याच्या दृष्टीने घासाघीस होती. दुसऱ्याचं ऑपरेशन चुकीचं आहे असं म्हणायचं, पेशंट आपल्याकडे ओढायचा आणि मग चार महिन्यांनी आपण स्वतः करायचं. राग आला, पण जरा विचार केल्यावर गेला, कारण असं होतंच की! त्याने ते कुठेतरी बघितलेलं असणार. मी नुसतं "मी तसला नाही" म्हणून काय उपयोग, ते तर तसले पण म्हणतात.

मग मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावरच लिहून दिलं की या गुडघ्याचं कुठलंही ऑपरेशन, अगदी पुढेमागे सांधा बदलायची वेळ आली तरी, मी करणार नाही. खाली सही केली. आणि हेही सांगितलं की तुमचे आधीचे डॉक्टर माझे सिनियर आहेत, मला पेशंट पाठवतात, तेव्हा माझं म्हणणं ऐकताना हे पण लक्षात असू द्या. त्या कागदाकडे बघितल्यावर मुलाचा चेहरा बदलला. तोपर्यंतच्या सगळ्या अभ्यासांनी आणि टक्केवारीने जे झालं नव्हतं ते या एका ओळीने झालं, बाईंनी लगेच विचारलं, "बरं मग व्यायाम कुठले करायचे?"

फी घ्यायची की नाही हा प्रश्न राहिलाच होता. सोडून द्यावी असं खूप वाटत होतं, चांगलं दिसतं ना ते. पण फुकटचा सल्ला कुणी पाळत नाही हा माझा अनुभव आहे आणि शिवाय नको म्हणायचे पैसे मीच घेतले नाहीत तर मग पैसे फक्त हो म्हणायचेच असं मीच कबूल केल्यासारखं होतं. पूर्ण फी घेतली. मुलगा बाहेर काउंटरवर म्हणाला म्हणे, "इंजेक्शन पण नाही दिलं आणि एवढे?" भरले मात्र.

संध्याकाळी सिनियरना मीच फोन केला, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तू म्हणतोस ते पेपर मी पण वाचलेत. पण आर्थ्रोस्कोपीच्या सेटअपचा हप्ता दर महिन्याला जातो, दोन नर्स, एक टेक्निशियन, यांचे पगार त्या पेपरमधून देऊ का? आणि आपण नाही केलं तर ती बाई तिसरीकडे जाऊन करून घेईल." मी म्हटलं, सर, ते खरंय. पुढे काय बोलायचं सुचेना, त्यांनाही आणि मलाही. खरं सांगायचं तर त्यांच्या हप्त्यावर माझ्याकडे आजही काही उत्तर नाही. एकदा मशीन घेतलं की आजाराची व्याख्या हळूहळू मशीनच्या मापाची व्हायला लागते.

त्यांच्याकडून येणाऱ्या केसेस नंतर कमी झाल्या, बंद नाही झाल्या. बाई काही महिन्यांनी आल्या होत्या, दुखणं निम्म्यावर आलंय म्हणाल्या, जिना अजून त्रास देतोच. ऑपरेशनवाल्यांपैकी पण बऱ्याच जणी हेच सांगतात.

आता सेकंड ओपिनियनची अपॉइंटमेंट मी वेगळीच ठेवलीय, वेळ जास्त, फी नेहमीपेक्षा जास्त, आणि त्या पेशंटचं ऑपरेशन मी करणार नाही हे आधीच सांगायचं अशी रिसेप्शनला सूचना आहे. फोन बरेच येतात. फी जास्त का हे लोक विचारतात ते समजू शकतो, पण ऑपरेशन करणारच नसाल तर मग फी कसली, असं विचारून फोन ठेवणारे त्याहून जास्त आहेत.