आबांचा अंगठा आणि आमचा पहिला भाडेकरार

कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीतला आमचा वन बीएचके भाड्याने द्यायला एकूण ४१ दिवस लागले. भाडेकरू तिसऱ्या दिवशी मिळाले होते. बाकीचे सगळे दिवस आबांच्या अंगठ्यावर गेले. आज करार हातात आहे, पहिलं भाडं खात्यावर जमा झालंय, तरी त्या दिवसांची आठवण आली की डोकं तापतं. म्हणून हे लिहून ठेवतेय. पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्या कुणाचा तरी एखादा महिना यातून वाचावा.

घर माझ्या आणि आबांच्या नावावर आहे. आबांनी शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीत ३२ वर्षं काढली, आधी मोल्डिंगला म्हणजे वाळूचे साचे करायला, नंतर फेटलिंगला म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला. रिटायर झाल्यावर आलेले पैसे आणि माझं कर्ज मिळून हा फ्लॅट घेतला. महिन्याला भाडं आलं तर निम्मा हप्ता सुटेल, एवढाच हिशोब होता.

दारात पाटी लावली आणि तिसऱ्या दिवशी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी करणारा एक मुलगा बायकोला घेऊन आला. भाडं ९,०००, डिपॉझिट ३०,००० ठरलं. त्याची सासू सोबत होती. तिने घर बघायच्या आधी विचारलं, "२०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलतं?" कोल्हापुरात महापुराचा हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा आणि खरं सांगा. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या पोराबाळांनाही पाठ आहे. तुमच्या इमारतीच्या पार्किंगला पाणी लागलं असेल तर ते लपत नाही, शेजारी सांगतातच.

करार कसा करायचा यावर मात्र घरात वाद झाला. चुलत भाऊ म्हणाला, "अकरा महिन्यांचा करार आहे, स्टँपवर लिही, नोटरी कर, झालं. रजिस्टर कशाला?" आपल्याकडे बहुतेकांना असंच वाटतं. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलेलं आहे. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठराविक मुदतीपुरतं वापरायला देण्याचा, करार लेखी हवा आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मला दंडापेक्षा त्याच कलमातल्या पुढच्या भागाची भीती होती. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, ते खोटं आहे हे घरमालकाने सिद्ध करायचं. माझ्या मावशीने शब्दावर दोन खोल्या दिल्या होत्या. डिपॉझिट घेतलं होतं २०,०००, तेही रोख. सोडताना तो माणूस म्हणाला, ५०,००० दिले होते. मावशीकडे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. शेवटी ४०,००० वर तडजोड झाली. ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे करार रजिस्टर झाल्याशिवाय चावी द्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

खर्चाचा बाऊ करू नका. अकरा महिन्यांचं भाडं ९९,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज २,७५०, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. आमचं २५४ आलं, ते वरच्या शंभरात धरून ३०० भरले. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आहे, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचे ३०० वेगळे. ऑनलाइन करून देणाऱ्या केंद्राची फी त्यावर. आम्ही आणि भाडेकरूंनी निम्मे निम्मे वाटून घेतले.

आता अंगठा.

ऑनलाइन नोंदणीत प्रत्येक मालकाचा आणि प्रत्येक भाडेकरूचा अंगठा यंत्रावर ठेवून आधारशी जुळवतात. जुळला तरच पुढे जाता येतं. केंद्रवाल्याने फोनवर फक्त "आधार, पॅन, घरफाळ्याची पावती, सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) घेऊन या" एवढं सांगितलं होतं. ठरल्या दिवशी आम्ही दोघं, भाडेकरू नवराबायको आणि दोन साक्षीदार, असे सहा जण त्याच्या दहा बाय दहाच्या गाळ्यात उभे होतो. माझा अंगठा लागला. भाडेकरूंचे लागले. आबांचा लागेना.

पहिल्यांदा वाटलं, नीट ठेवला नसेल. केंद्रातल्या मुलाने यंत्राची काच पुसली. "मामा, जरा दाबून." नाही. "मामा, एवढं दाबू नका." नाही. मग म्हणाला, "कपाळाला घासा जरा, तेल लागू दे." आबांनी कपाळाला अंगठा घासला, मग केसांना घासला, परत ठेवला. काचेखालचा लाल दिवा लागायचा, दोन सेकंद जायचे आणि पडद्यावर ३०० नंबरची चूक यायची. उजवा झाला, डावा झाला. अकरा वेळा मी मोजलं. भाडेकरूंची सुट्टी फुकट गेली, साक्षीदार घड्याळ बघायला लागले.

तेव्हा मी आबांचा अंगठा पहिल्यांदा नीट बघितला. वरवंट्यासारखा गुळगुळीत. रेषा नावालासुद्धा नाहीत, मधोमध एक जुना पांढरा व्रण. वाळू, काळी माती आणि ग्राइंडर, ३२ वर्षांत सगळं घासून गेलेलं. आबा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "ह्या हातानं मिळवलं म्हणून घर झालं, आन आता ह्योच हात माझा न्हाई म्हणत्यात." मला जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी परत गेलो. आदल्या रात्री हातांना खोबरेल लावून ठेवलं होतं. तरी नाही. केंद्रवाला म्हणाला, "ताई, नोटरी करून चावी देऊन टाका, नंतर बघू." मला त्याचा खरोखर राग आला. कामगार, शेतकरी, धुणीभांडी करणाऱ्या बायका, यांचे अंगठे लागत नाहीत हे त्याला रोज दिसत असणार. मग पहिल्याच फोनवर "घरात कुणी वयस्कर आहे का, त्यांचा अंगठा रेशनला किंवा बँकेत लागतो का" एवढं विचारायला काय हरकत होती? आम्ही आधी अंगठ्याचं काम केलं असतं आणि मग भाडेकरू बघितले असते. त्याने फी मात्र आगाऊ घेतली होती.

ओळखीच्या वकिलांनी कुलमुखत्यारपत्राचा मार्ग सांगितला. आबांनी ते माझ्या नावे नोंदवून द्यायचं आणि करारावर त्यांच्या वतीनेही मीच सही करायची. मार्ग चांगला आहे, ज्यांचे आईवडील अंथरुणाला आहेत किंवा भाऊ परदेशात आहे त्यांनी तोच धरावा. पण आबा म्हणाले, "मी जित्ता हाय, चालतोय, फिरतोय. माझ्या घराला माझीच सही पायजे." मीही हट्ट केला नाही.

मग आधार केंद्र. पहिल्या दिवशी दहाला पोचलो तर टोकन संपलेले. दोन दिवसांनी साडेसातला जाऊन रांगेत बसलो, नंबर लागला बारा वाजता. बायोमेट्रिक अपडेट म्हणजे दहाही बोटं, डोळ्यांची बुबुळं आणि फोटो, सगळं नव्याने घेतात. आबांचं आधार बारा-तेरा वर्षांपूर्वीचं, त्यानंतर एकदाही अपडेट केलेलं नव्हतं. तिथल्या बाईंनी मात्र घाई केली नाही. एकेक बोट ओल्या फडक्याने पुसून, हातात हात धरून, तीन तीनदा घेतलं. अपडेट झाल्याचा मेसेज यायला १६ दिवस लागले.

तोवर पहिले भाडेकरू गेले. त्या मुलाचा फोन आला, "ताई, आता किती दिवस मित्राच्या खोलीवर राहायचं?" त्याची चूक नव्हती. उचगावात दुसरी जागा बघून गेला. रिकाम्या घराचा हप्ता आणि मेंटेनन्स मी भरत राहिले.

दुसरं कुटुंब आलं तेव्हा मी आधी आबांना घेऊन ओळखीच्या किराणा दुकानात गेले, तिथे आधारवर पैसे काढायचं यंत्र आहे. सकाळी आठला, हात कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून. उजवा नाही लागला. डावा लागला. मग त्याच दिवशी केंद्रावर गेलो, दुसऱ्या केंद्रावर. डावा अंगठा दुसऱ्या प्रयत्नात जुळला. आबांनी पडद्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "लागला न्हवं?" दोनदा विचारलं. मला रडू आलं.

तिथेही एक अडथळा आला. नव्या भाडेकरू बाईंचा अंगठा लागेना, पण पडद्यावर ३३० आलं होतं. म्हणजे रेषांचा दोष नाही, आधारचं बायोमेट्रिक त्यांनी स्वतःच मोबाईलवरून लॉक करून ठेवलं होतं. अनलॉक केलं, पाच मिनिटांत काम झालं. तेव्हा "लागत नाही" म्हणून परत पाठवलं तर पडद्यावर एररचा कुठला नंबर आला ते विचारा. ३०० असेल तर बोट जुळत नाही, ३३० असेल तर लॉक आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

आठवतील तशा आणखी काही गोष्टी. सूची क्रमांक दोनवर जितकी नावं, तितक्या सगळ्यांचे अंगठे लागतात, कुलमुखत्यारपत्र नसेल तर "ते पुण्याला असतात" चालत नाही. फ्लॅट नंबर घरफाळ्याच्या पावतीवर आणि खरेदीखतावर वेगळा पडला असेल तर आधीच बघा. डिपॉझिट बँकेतूनच घ्या आणि व्यवहाराचा नंबर करारात लिहा. चावी देताना महावितरणच्या मीटरचा रीडिंगसकट फोटो काढून दोघांच्याही मोबाईलवर ठेवा. भाडेकरूची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या भरता येते, ती भरून पावती जपून ठेवा. घरफाळ्याची पावतीही टाकू नका. भाड्याच्या उत्पन्नातून आपण भरलेला घरफाळा वजा होतो, उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, आणि कर्जाच्या व्याजाचं काय होतं ते आपण कुठली करपद्धत निवडली त्यावर ठरतं, तेवढं सल्लागाराला विचारा.

करारात मुदत संपण्याची तारीख ठळक दिसू द्या. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तेवढ्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं. आमची नवी मंडळी चांगली आहेत, तशी वेळ येणार नाही. पण नोंदलेला करार हातात असल्यामुळे मला रात्री शांत झोप लागते.

आमचा करार ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारीतच आबांना घेऊन त्या किराणा दुकानात जाऊन येणार आहे, सकाळी आठला.