पांढरा चिखल

यंदाचा अख्खा सीझन मी ब्रिटिश रॅलीक्रॉसच्या ट्रॅकवर उभी होते, आणि तरी कोण जिंकलं हे मला दर वेळी घरी येऊन फोनवर बघावं लागलं. मार्शलचं, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेविकेचं, असंच असतं. तिला एक वळण नेमून दिलेलं असतं. त्या वळणात काय घडतं तेवढीच तिची शर्यत, बाकी सगळा आवाज.

मी मूळची मंचरची. इंग्लंडमधल्या केंटमध्ये नर्स म्हणून आले त्याला सहा वर्षं झाली. कँटरबरीहून डोव्हरला जाताना आडबाजूला लिडन हिल नावाचा ट्रॅक आहे. शेजारचे आजोबा तिथे कित्येक वर्षं फुकट राबतात. रविवारी पहाटे डबा, थर्मास घेऊन निघालेले दिसायचे. मला वाटायचं, मासे धरायला जात असतील. एकदा विचारलं तर म्हणाले, येतेस का, माणसं कमी पडतात. गेले. तिथून जे अडकले ते अडकलेच.

रॅलीक्रॉस म्हणजे काय ते आधी सांगते. ट्रॅक थोडा डांबरी, थोडा कच्चा. चार-पाच गाड्या एका रांगेत उभ्या करायच्या, दिवे बदलले की सोडायच्या. चार फेऱ्यांत खेळ खलास, फायनल असेल तर सहा. आणि एक गंमत म्हणजे ‘जोकर’. प्रत्येक गाडीने शर्यतीत एकदाच, न चुकता, बाजूच्या वेगळ्या वाटेने जाऊन यायचं. ही वाट बहुतेक ठिकाणी लांबची असते, त्यामुळे दोन-एक सेकंद जातात. ती कधी घ्यायची यावर सगळं डोकं चालतं. पुढे कुणी अडवून धरलंय? घे जोकर आत्ताच, मोकळ्या रस्त्यावर पळ. आघाडीवर आहेस? शेवटपर्यंत राखून ठेव. विसरलास तर दंड.

फायनलच्या आधीच्या पात्रता शर्यतींमध्ये पहिला कोण आला यापेक्षा किती वेळात आला हे मोजतात आणि त्यावरून क्रम लावतात. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, दुसरं काय असतं? एकेक गाडा सुटतो, त्याची बारी, म्हणजे धाव, सेकंदांवर ठरते. इथेही टेकडीच्या उतारावर माणसं बसलेली, कर्ण्यावर एकजण घसा फोडून बोलतोय, पोरं वडापावऐवजी चिप्स खातायत. फरक एवढाच, की घाटात आम्हा मुलींना कधी नेलं नाही. भिर्रर्र ऐकू यायचं ते गच्चीवरून. इथे मी थेट वळणावर.

हा खेळ जन्मला तोच लिडन हिलवर, 4 फेब्रुवारी 1967 ला, आणि तोही टीव्हीसाठी. रॅली म्हणजे जंगलातून, रात्री-बेरात्री पळणाऱ्या गाड्या. तिथे कॅमेरा कुठे कुठे लावणार? मग रॅलीच्या गाड्या एकाच मैदानात आणून पळवल्या आणि शनिवारच्या दुपारी लोकांना घरबसल्या दाखवल्या. ती पहिली शर्यत विक एल्फर्डने पोर्शे 911 घेऊन जिंकली. पुढच्याच वर्षी हा माणूस माँटे कार्लो रॅली जिंकला. आजोबा हे सांगताना जणू त्याला स्वतः ढकलून स्टार्ट करून दिल्यासारखे सांगतात.

चॅम्पियनशिप एका जागी होत नाही. आजवर ती इंग्लंडभर, वेल्समधल्या पेम्ब्रीला, स्कॉटलंडमधल्या नॉकहिलला, समुद्र ओलांडून आयर्लंडच्या मॉन्डेलो पार्कलाही गेली आहे. मी सुट्ट्या जुळवून एकदा पेम्ब्रीपर्यंत जाऊन आले. दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ, शेजारी समुद्र, आणि वारा असा की झेंडा दोन हातांनी धरावा लागला. त्याव्यतिरिक्त मला तिथलं काही आठवत नाही.

लिडनचं मात्र सगळं आठवतं, कारण ते कपड्यांवरून जात नाही. इथली जमीन चुनखडीची, म्हणजे डोव्हरचे पांढरे कडे ज्याचे आहेत तीच. पाऊस पडला की कच्च्या भागाचा पांढरट राडा होतो, साबण लावल्यासारखा निसरडा. आघाडीच्या गाडीला समोरचं सगळं दिसतं. मागच्यांच्या काचेवर तिने उडवलेलं पिठलं. म्हणून सगळी मारामारी पहिल्या वळणापर्यंतच. दोन शर्यतींच्या मधे आम्ही खराटे घेऊन डांबरावर आलेला चिखल लोटतो. पगार शून्य. केशरी ओव्हरऑल घातलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तर मावशीने विचारलं, दीक्षा घेतलीस काय?

शिकवलेला पहिला नियम: पळत्या गाड्यांकडे पाठ करायची नाही. वाकून काही उचलायचं असलं तरी जोडीदाराने बघत राहायचं.

सगळ्यात वरच्या गटातल्या सुपरकारना सहाशेच्या घरात हॉर्सपॉवर असते. त्या सुटताना छातीत धडधडतं ते इंजिनाने की भीतीने, कळत नाही. पण माझा जीव ज्युनिअरांवर. चौदा वर्षांपासूनची पोरं, आणि गाडी कुठली? सुझुकी स्विफ्ट! आपल्याकडे लग्नाला भाड्याने करतो तीच. आतल्या सीटा काढून लोखंडी पिंजरा बसवलेला, एवढंच. या देशात सतराच्या आधी रस्त्यावर गाडी चालवता येत नाही, त्यामुळे ही पोरं शर्यत पळून आईच्या शेजारी बसून घरी जातात.

एप्रिलमधल्या एका ओल्या सकाळी त्यातली एक स्विफ्ट माझ्या वळणात बाहेरच्या कडेला चढली आणि सावकाश, अगदी निवांत, टपावर पडली. मी पिवळा झेंडा हलवत होते. रेडिओवर काय बोलले ते आठवत नाही, पण जोडीदार म्हणतो, मराठीत बोललीस. पोरगा स्वतःच बाहेर आला. हेल्मेट काढलं तर दातांना तारा. मी नर्सच्या सवयीने मान दुखते का, बोटं हलव, वार कोणता विचारतेय, आणि तो मला विचारतो, “माझा जोकर झाला होता का?” खिशातला राजगिऱ्याचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. डॉक्टरांनी तपासून सोडला. दुपारी तीच गाडी पुन्हा रांगेत, दार चांदीच्या रंगाच्या जाड चिकटपट्टीने बांधलेलं. पट्टीचं भेंडोळं त्याच्या आईच्या मनगटात, बांगडीसारखं.

इथे वरचे दिवसही येऊन गेलेत. 2014 ते 2017 जागतिक मालिकेची फेरी लिडनला व्हायची, मग ती सिल्व्हरस्टोनला गेली. 2023 च्या जुलैत परत आली, या वेळी विजेवरच्या गाड्या घेऊन. पण शर्यतीआधीच पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या गाड्या ठेवतात त्या आवारात, आग लागली, सेबास्टियाँ लोबसारख्या दिग्गजाची गाडी जळाली आणि जागतिक शर्यत रद्द झाली. हा विषय काढला की आजोबा चहात बघत बसतात. मी काढत नाही.

सीझनच्या शेवटच्या शर्यतीला अंधार लवकर पडला. माझ्या वळणात दिवसभर काही घडलं नाही. मार्शलसाठी चांगला दिवस, पण पाय पार गारठले. बूट दाराबाहेर उलटे ठेवले आणि बाबांना व्हिडिओ दाखवला. बाबा अजून घाटात जातात, बैलांशिवाय दुसरी शर्यत त्यांना शर्यत वाटत नाही. पूर्ण बघितला, चष्मा वर केला.

“बारी किती सेकंदांची?”

म्हटलं, बाबा, चार फेऱ्या, तीन मिनिटं तरी लागतात.

“तीन मिनिटं?” ते आईकडे वळून म्हणाले. “एवढा वेळ करतात काय?”